तुझं बरोबर आहे

“पण अज्जा, माझं चुकलं कुठं?”

निरंजननं हे विचारलं तेव्हा अज्जा मठाच्या ओसरीत बसून बेलाची पानं निवडत होते. किडकं पान बाजूला, चांगलं पान परडीत. त्यांनी मान वर केली नाही.

हिरण्यकेशीच्या काठचा हा लहानसा लिंगायत मठ आणि अज्जा तिथले म्हातारे जंगमस्वामी. कन्नड मुलखाची हद्द जवळ, म्हणून सगळं गाव त्यांना अज्जा म्हणे, म्हणजे आजोबा. गावातल्या निम्म्या पोरांची नावं त्यांनीच ठेवलेली. निरंजनचंही त्यांनीच ठेवलं होतं. तो जर्मनीत पाच वर्षं शिकला, मोठी पदवी घेऊन उन्हाळ्यात घरी आला, आणि आता दसरा तोंडावर आला तरी घरात रुळला नव्हता.

“आई माझ्याशी नीट वागत नाही,” तो म्हणाला. “म्हणजे... फारच नीट वागते.”

अज्जांचा हात थांबला.

“म्हंजे?”

“माझ्या अंथरुणावर ठेवणीतली चादर घालते. समोर बसून वाढते, पण माझ्याबरोबर जेवत नाही. दुपारपर्यंत लोळलो तरी हाक मारत नाही. लहानपणी ओल्या पायानं घरात आलो तर उलथनं घेऊन मागं लागायची. परवा मी मुद्दाम चिखलाचे बूट घालून देवघरापर्यंत गेलो, अज्जा. तिनं काही न बोलता फरशी पुसली.”

एवढा शिकलेला माणूस, पण आईच्या शिव्यांसाठी आसुसला होता. लोक त्याला सांगत, बाहेरून आलं की असं होतंच; हवा मानवत नाही, पाणी मानवत नाही, मग हळूहळू सवय होते. त्याला हवापाणी पहिल्याच आठवड्यात मानवलं होतं. अडलं होतं ते भलतीकडंच, आणि ते कुणाला सांगावं हे त्याला कळत नव्हतं.

“पुढच्या आठवड्यात परत जातो म्हणालो तिला. तिकडं नोकरी आहे. तर म्हणाली, ‘तुझं बरोबर आहे.’ बस, एवढंच. म्हणून तुमची आज्ञा घ्यायला आलोय.”

अज्जांनी आणखी एक पान परडीत टाकलं.

“गेल्या साली बाप गेला, तवा आला न्हाईस.”

उत्तर तयारच होतं. सांगून सांगून गुळगुळीत झालेलं.

“विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. बाबांना तोवर ठेवता आलं नसतं.”

“बरोबर हाय.”

“त्याच आठवड्यात प्रबंध द्यायचा होता. मी शिक्षण पुरं करावं, ही बाबांचीच इच्छा.”

“बरोबर हाय.”

“आणि नंतर येऊन तरी काय झालं असतं? बाबा थोडेच दिसणार होते? पदवी हातात पडली, की आलोच ना मी.”

“बरोबर हाय.”

अज्जा उठले. गुडघ्यांवर हात टेकत आत गेले आणि दांडीवरची सतरंजी घेऊन बाहेर आले. ही सतरंजी तालुक्याचे साहेब किंवा बाहेरगावचे बडे लोक आले तरच निघायची. निरंजन तर लहानपणापासून याच ओसरीच्या उघड्या फरशीवर लोळलेला. अज्जांनी सतरंजी त्याच्यासमोर अंथरली आणि वाकून, दोन्ही हातांनी तिच्या सुरकुत्या काढल्या.

“बसा.”

“अज्जा, हे काय?”

“फरशी गार हाय. वर बसा.”

निरंजन सतरंजीपासून मागं सरला.

“रागवा माझ्यावर. हवं तर काठी घ्या. पण हे नको.”

“कशापायी रागवू? तुमचं समदं बरोबर हाय.”

तो सतरंजीवर बसला नाही. तिच्या कडेला, फरशीवरच बसून राहिला. अज्जाही पुन्हा भिंतीला टेकले.

“मूठमाती बघितलीस?” त्यांनी विचारलं.

“फोनवर. चुलतभावानं धरला होता. पुरायच्या आधी रीतीप्रमाणं बाबांना बसवलं होतं, कपाळाला विभूती... आईनं फोनला तोंड लावून हाका मारल्या. निरू, निरू म्हणून.”

“मग?”

“मी रडत होतो, अज्जा. भिंतीवर डोकं आपटून रडत होतो.”

“तिला ऐकू गेलं?”

“मी माझ्याकडचा आवाज बंद केला होता. कॅमेराही.”

“का?”

“तिकडं तशी रीत आहे. आपण बोलत नसलो की आवाज बंद ठेवायचा, दुसऱ्यांना त्रास नको म्हणून. हात आपसूकच गेला. आणि तिनं मला तसं बघू नये, असंही वाटलं.”

“आणि उन्हाळ्यात आलास, तवा दारात?”

दारात काय झालं ते सगळ्या आळीला ठाऊक होतं. घरातलं माणूस गेल्यावर लांबचं लेकरू पहिल्यांदा उंबऱ्याशी येतं, तेव्हा गळ्यात पडून मोठ्यानं रडायचं असतं. मधे वर्ष लोटलेलं असलं तरी. निरंजन येणार म्हणून शेजारच्या बायका आईला सावरायला येऊन उभ्या होत्या. आईनं हात पसरले. निरंजन वाकून पाया पडला, “रडू नकोस गं, तब्येत बिघडेल,” म्हणाला, आणि चाकांची बॅग उचलून आत गेला. आई थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं पदर सारखा केला आणि त्याला पाण्याचा तांब्या आणून दिला. बायका आपापल्या घरी गेल्या.

“वाटलं, आपण तिला धीर द्यावा,” निरंजन म्हणाला.

“दिलास की. तिनं घेतला.”

निरंजननं खिशातून रुमाल काढून तोंडावर गच्च धरला. खांदे हलत होते, आवाज मात्र नव्हता. अज्जांनी हात लांब करून तो रुमाल काढून घेतला आणि आपल्या मांडीखाली ठेवला.

मग जो हंबरडा फुटला, तो वर्षाहून जास्त साठलेला होता. वाटेनं जाणारी एक म्हातारी थबकली. डोळ्यांना पदर लावून पुढं गेली. अज्जा हलले नाहीत. गप, असंही म्हणाले नाहीत.

ऊन ओसरीतून उतरलं, तेव्हा निरंजननं बाहीनं तोंड पुसलं.

“फार वाईट केलं मी,” तो म्हणाला. “आता तिला काय सांगू, अज्जा? सगळं सांगून झालंय.”

“घरला जा. उंबऱ्याच्या भाईरच उभा ऱ्हा.”

“आणि?”

“‘आई, मला यायला उशीर झाला’ म्हण...”

अज्जांनी परडी जवळ ओढली.

“...का झाला, ते सांगू नगंस.”