सायाळीनं सांगितलं नाही

फार वर्षांपूर्वी एका रानात प्राण्यांची पंचायत भरायची. तिथलं सगळं बोलणं सायाळीच्या ध्यानात असायचं, आणि त्याचा तिला भारी तोरा होता.

एकदा ससुलीनं विचारलं, "सायाळमावशी, डोहाच्या पाण्याबद्दल पंचायतीत काय बोलणं झालं?"

"तुला कशाला नसत्या चौकशा? पंचांचं पंच बघतील," सायाळ काटे फुलवून म्हणाली.

ससुली मुकाट्यानं पिलांना घेऊन डोहावर गेली. पाणी नासल्याचं पंचायतीला ठाऊक होतं. संध्याकाळी ससुलीचं धाकटं पिलू गेलं.

सायाळ भेटायला आली, तेव्हा ससुली रडत म्हणाली, "मावशी, मीच तुम्हाला नीट विचारायला हवं होतं."

सायाळीला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवसापासून ती डोहाकाठी बसू लागली. कुणी विचारायच्या आधीच सांगायची, "इथलं पाणी पिऊ नका." फक्त ससुली समोरून गेली, की तिच्या तोंडून शब्द फुटत नसे.