परतीचा रस्ता

एका महानगरात, जवळजवळ वर्षभर कामाविना घरी बसलेल्या एका गृहस्थाला अखेर नोकरी मिळाली. त्याचे नाव दिगंबर. वय पंचेचाळिशीच्या पुढचे. जुनी कंपनी बंद पडल्यापासून त्याने इतक्या ठिकाणी नकार ऐकले होते, की होकार आला तेव्हा आनंद होण्याआधी त्याला भीतीच वाटली. नवे कार्यालय शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला होते. भुयारी मेट्रोने जायचे, मध्ये एकदा गाडी बदलायची. पहिल्याच आठवड्यात उशीर झाला तर काय, या विचाराने त्याची झोप उडाली.

महाविद्यालयात त्याला तर्कशास्त्र शिकवणारे पेडणेकर सर आता वृद्ध झाले होते आणि शेजारच्याच गल्लीत राहत होते. रुजू होण्यापूर्वी दिगंबर त्यांना भेटायला गेला.

"सर, जाण्याचं सगळं पक्कं केलंय," तो म्हणाला. "आपल्या स्टेशनवर पुढून दुसऱ्या डब्यात चढायचं, म्हणजे गाडी बदलायला उतरलो की जिना बरोबर समोर येतो. एखादी गाडी चुकली तरी पुढची धरून वेळेत पोहोचतो. बाहेर पडायला बँकेच्या बाजूचं दार जवळ पडतं."

सरांनी शांतपणे ऐकून घेतले. "छान. आणि येण्याचं?"

"येण्याचं काय, सर? तोच रस्ता उलटा."

सर किंचित हसले. "उद्या मला घेऊन चल. मलाही बघू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे निघाले. दिगंबरने आखले होते तसेच सारे घडले. जिना समोर आला, गाडी लगेच मिळाली, आणि कार्यालय उघडण्याच्या बऱ्याच आधी दोघे त्या काचेच्या इमारतीसमोर उभे होते. कित्येक दिवसांनी दिगंबरचा चेहरा सैल पडला.

"बघितलंत ना, सर? चला, निघू या परत."

सर मात्र समोरच्या झाडाच्या पारावर जाऊन बसले. "ऑफिस सुटेपर्यंत थांबू."

"दिवसभर? इथे करायचं काय?"

"काही नाही. थांबायचं."

दिगंबरला वाटले, वयामुळे सर थकले असावेत. त्याने रिक्षा करू का विचारले, घरची कामे सांगितली, थोडी चिडचिडही केली. सर हलले नाहीत, आणि त्यांना एकटे सोडून जाणे त्याला शक्य नव्हते. ऊन चढले. जवळच्या खानावळीत दोघे जेवले. सरांनी पारावर बसल्या बसल्या एक डुलकी काढली. दिगंबर येरझाऱ्या घालत राहिला. दुपार उलटेपर्यंत त्याची पाठ भरून आली.

संध्याकाळी इमारतीची दारे उघडली आणि माणसांचा लोंढा बाहेर पडला. सकाळचे ते स्टेशन आता ओळखू येईना. सामान तपासणीची रांग जिन्यापर्यंत आली होती. पहिल्या गाडीत पाय ठेवायलाही जागा मिळाली नाही, दुसरीही तशीच गेली. गाडी बदलण्याच्या ठिकाणी सकाळचा तो सोयीचा जिना आता पार पलीकडच्या टोकाला होता, आणि वर जाणारा सरकता जिना बंद. पुढच्या गाडीत कोणीतरी उठून सरांना जागा दिली. दिगंबर दांडीला लोंबकळत, दात आवळून उभा राहिला. घराजवळच्या स्टेशनवर उतरल्यावर तो इतक्या वेगाने चालू लागला, की सर मागे राहिले हेही त्याच्या ध्यानात आले नाही.

दार ऋजुताने उघडले. त्याची मुलगी. गेल्या वर्षभरात घरात पगार आला नव्हता, परंतु एक गोष्ट घडली होती. पूर्वी वडिलांची चाहूल लागताच आतल्या खोलीत निघून जाणारी ही मुलगी त्यांच्याशी बोलू लागली होती. मैत्रिणींच्या भांडणांपासून परीक्षेच्या भीतीपर्यंत सारे सांगू लागली होती.

"बाबा, कसं आहे ऑफिस? खूप मोठं आहे?"

"आत तरी येऊ देशील का? आल्या आल्या डोकं खाऊ नकोस!"

ऋजुताने पाण्याचा पेला आणून टेबलावर ठेवला, आतल्या खोलीत गेली आणि दार हळूच लोटून घेतले.

स्वयंपाकघराच्या दाराशी पत्नी, शैला, उभी होती. "अहो, अजून नोकरी सुरूही झाली नाही," ती हलक्या आवाजात म्हणाली.

तेवढ्यात जिना चढून सर उंबऱ्याशी आले. त्यांच्या कानावर सारे पडले होते. दिगंबर खुर्चीत बसला होता. तो म्हणाला, "हे दाखवायला दिवसभर थांबवलंत का, सर?"

"तू तिच्यावर ओरडशील हे मला ठाऊक नव्हतं," सर म्हणाले. "दमशील, एवढंच ठाऊक होतं. जाण्याचा रस्ता तू फार काळजीने आखलास. कुठल्या डब्यात चढायचं, इथपर्यंत. कारण तिथे परकी माणसं आहेत आणि त्यांच्यासमोर नीट उभं राहायचं आहे. येण्याचा रस्ता तू आखलाच नाहीस. घरची माणसं काही कामावरून काढून टाकणार नाहीत. ती फक्त दार लोटून घेतील. नोकरी कर, बाबा. ती घराला हवीच आहे. दमणूकही टळणार नाही, आणि दमणं हा काही दोष नव्हे. पण ती दमणूक कुठे उतरवायची हे आपण ठरवलं नाही, तर ती घराच्या दारात उतरते. आणि दार उघडायला बहुधा घरातलं लहान माणूसच येतं."

दिगंबर उठला. लोटलेल्या दाराशी जाऊन म्हणाला, "ऋजू, चुकलो गं." रात्री ती जेवायला बसली, पण बोलली ती आईशीच.

सोमवारी तो कामावर रुजू झाला. संध्याकाळी तीच रांग, तीच गर्दी, तोच बंद जिना. स्टेशनाबाहेर पडला तेव्हा पाय भरून आले होते आणि कधी एकदा घरी जाऊन पडतो असे झाले होते. तरी तो कोपऱ्यावरच्या बागेत वळला. नळावर तोंड धुतले आणि एका बाकावर नुसता बसून राहिला. डोक्यातली घरघर ओसरायला वेळ लागला. मग तो उठला आणि सावकाश घराकडे चालू लागला.

ऋजुताने दार उघडले. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि काही न विचारता ती बाजूला झाली.

"थांब ना, जाऊ नकोस," बूट काढता काढता तो म्हणाला. "आज काय झालं माहीत आहे? मी पहिल्याच दिवशी चुकून साहेबांच्या खुर्चीत जाऊन बसलो."

ती बसली. थोडी लांबच. तो भिंतीला टेकून सांगू लागला. सांगता सांगता शब्द जड झाले, एक वाक्य अर्धेच राहिले, आणि त्याला झोप लागली.

जेवायला हाक मारत शैला बाहेर आली. ऋजुताने ओठांवर बोट ठेवले.

"हळू, आई. झोपलेत," ती म्हणाली. "साहेब काय म्हणाले, ते मी उद्या विचारीन."