बद्द वाजलेली वीट

अवजारं माणसांशी बोलायची, त्या काळची गोष्ट. एक गवंडी कानाने अधू होता. त्याची थापी प्रत्येक वीट ठोकून बघायची आणि खणखणीत वाजली तरच "लाव" म्हणायची.

एकदा एक वीट बद्द वाजली; ती आतून तडकलेली होती.

"थापीताई, सांगू नकोस गं," वीट रडवेली झाली. "माझ्या सगळ्या बहिणी कमानीत गेल्या. मी एकटीच मागे राहीन."

थापीला दया आली. "लाव," ती म्हणाली.

पावसाळ्यात कमान बसली. बहिणींच्या ढिगाऱ्यात त्या विटेचा निव्वळ भुगा उरला होता.

"माझं चुकलं गं," थापी कळवळली.

"तेव्हाच खरं बोलली असतीस," भुगा पुटपुटला, "तर बहिणी उभ्या असत्या. आणि मी एखाद्या चुलीला तरी लागले असते."