काही पोरे

"ही बातमी सापडली तेव्हा तुला राग आला, की आनंद झाला?"

सुरमलबाबांनी विचारलं आणि वसंत दाबके अडखळला.

बाबा पारध्यांच्या वस्तीतले सर्वांत वयोवृद्ध. लांबलांबची माणसं त्यांच्यापाशी चार शब्द ऐकायला येत. वसंत दोन वर्षं येत होता, स्वतःला त्यांचा शिष्य म्हणवून घेत होता. जुन्या वर्तमानपत्रांनी पारध्यांविषयी काय काय लिहिलं, यावर त्याचा ग्रंथ चालला होता. आज तो सत्तर वर्षांपूर्वीच्या एका पानाची झेरॉक्स घेऊन मोठ्या तोऱ्यात आला होता.

"राग आला," तो म्हणाला.

"त्याच्या आधी?"

"...आनंद झाला. असा पुरावा आजवर कुणाला मिळाला नव्हता."

"हं. वाच."

वसंतने खणखणीत आवाजात वाचलं :

"वडजीच्या माळावर फौजदार रा. रा. त्रिंबक बापूजी यांनी चोरट्या पारध्यांची टोळी शिताफीने धरली. सात पुरुष, चार बायका व काही पोरे. चोरी हाच या जातीचा धर्म. पाठलागात फौजदारांचा मोती नावाचा उमदा घोडा जायबंदी झाला, ही मोठी दुःखाची गोष्ट होय."

तो थांबला. "बघितलंत? घोड्याला नाव आहे, तुमच्या एकाही माणसाला नाही! हे मी जगापुढं मांडणार."

बाबांचं तिकडं लक्ष नव्हतं.

"परत वाच. सावकाश."

वसंतने परत वाचलं. या खेपेला आवाज तेवढा चढला नाही.

"काही पोरे... ते कुठं लिहिलंय? मला अक्षर येत नाही. बोट ठेव."

वसंतने बोट ठेवलं. बाबांनी ते हलकेच बाजूला सारलं आणि तिथं आपलं बोट टेकवलं.

बराच वेळ उचललं नाही.

"त्यात मी होतो. तीन-चार वर्सांचा. मोठ्यांना बेड्या घालून नेलं. आम्हा पोरांना तारेच्या कुंपणात कोंडलं. माझी आय चौकीतच मेली म्हणं... लई वर्सांनी कुणीतरी सांगितलं."

वसंतने घाईघाईने खिशातलं पेन काढलं.

"बाबा, आईचं नाव सांगा. ग्रंथाच्या पहिल्या पानावर छापतो."

बाबांनी त्या ओळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"सांगा ना, बाबा."

"मी तिला आयच म्हणत होतो," बाबा म्हणाले. "नाव लिहिलंय का, ते बघायलाच तुला दोनदा वाचायला लावलं."