आभाराच्या कमानी

त्या राज्यात पाणी सगळ्यांच्या मालकीचं होतं आणि पाणवठा एकच होता, वाळवंटाच्या पार पोटात. तिथे जायला दरबाराने राजरस्ता बांधला होता आणि सोबत एक नियमही केला होता: जो राजरस्त्याने येईल तोच तहानलेला. बाकीच्यांच्या घशाची कोरड खोटी धरली जाई.

रस्ता सरळ नव्हता. राज्यातल्या प्रत्येक मानकऱ्याला तो आपल्या दारावरून जायला हवा होता. म्हणून तो लांडग्याच्या गुहेला वळसा घाली, तरसाच्या अंगणातून जाई आणि पुन्हा उलटा फिरून गिधाडांच्या सुळक्याखाली येई. प्रत्येक दारापुढे एक कमान होती. कमानीखाली उभं राहून पाण्याबद्दल त्या त्या मानकऱ्याचे आभार मानायचे, मग पुढे सोडत. पाण्याचं दर्शनही झालेलं नसे, पण आभार मात्र आगाऊ!

भुरी नावाची गाढवीण आपल्या शिंगराला घेऊन या रांगेत उभी होती. तिचं दूध आटलं होतं. शिंगराची जीभ टाळ्याला चिकटली होती. ते ओरडतही नव्हतं, नुसतं आईच्या पोटाला टेकून होतं. आज पाणी मिळालं नाही तर हे लेकरू हातचं जाणार, हे भुरीला स्पष्ट दिसत होतं. तिच्या पुढच्या म्हाताऱ्या उंटाने आभार मानले ते खोकल्यासारखे बाहेर पडले.

"मनापासून वाटले नाहीत," कमानीपाशी बसलेला कोल्हा कान टवकारून म्हणाला. "पुन्हा."

उंटाने पुन्हा मानले. पुन्हा नामंजूर. मागची मेंढरं कोल्ह्यावर नाही, त्या बिचाऱ्या उंटावरच चिडली. "नीट मान ना बाबा! तुझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा!"

भुरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आभार कशाचे?" ती म्हणाली. "आधी थेंब तरी दाखवा!" सगळी रांग तिच्याकडे वळून बघू लागली. जणू पाणी तिनेच पिऊन संपवलं होतं. भुरी शिंगराला ढुशी देत रांगेबाहेर पडली.

लहानपणी आईने तिला एका आडवाटेने पाणवठ्यावर नेलं होतं. त्या वाटेच्या तोंडाशी आता बाभळीचे काटे रचले होते आणि काट्यांपाशी दुसरा कोल्हा बसला होता.

"ही वाट बंद आहे, बाई. तुमच्याच काळजीपोटी."

"लेकरू मरतंय माझं. त्याची काळजी कुणाला आहे?"

"असं कसं म्हणता? लेकुरवाळ्यांसाठी राजरस्त्यावर वेगळी कमान केलीय की! तिथे आधी आभार मानायचे, मग बाकीच्या कमानींवर."

भुरीने सरळ छाती काट्यांत घातली. काटे तुटून उडायला लागले तसा कोल्हा झटकन बाजूला झाला. स्वतःच्या कातडीची काळजी त्याला खरोखरच होती.

पुढे वाट अशी नव्हतीच. वाळूत अर्धी बुडालेली जुनी लीद दिसली की भुरी समजायची, आपलं गणगोत इथून गेलंय. मग पुढची खूण शोधायची. एका ठिकाणी मात्र वाऱ्याने वाळूची टेकडीच हलवली होती आणि खुणा संपल्या. शिंगरू गुडघे टेकून खाली बसलं. सैरावैरा धावावं असं भुरीला वाटत होतं. पण आई म्हणायची, उन्हं कलली की पाखरं पाण्याला जातात, तोवर दम धर. भुरीने दम धरला, लेकराच्या श्वासाकडे डोळे लावून. ऊन काही केल्या कलेना. अखेर तांबूस पाखरांचा थवा डोक्यावरून कलकलत गेला. तिने शिंगराची मानगूट दातांत धरून त्याला उभं केलं आणि थव्यामागे निघाली.

पाणवठा काठोकाठ भरलेला होता. पाखरं पलीकडे पीत होती. उडत येणाऱ्यांना नियम लागू नव्हता. अलीकडे एक भलीमोठी कमान, कमानीला ताजं तोरण, आणि खाली स्वागताला एक बगळा.

"राजरस्त्याने आलात?"

"नाही."

"मग आपण तहानलेल्या नाहीत." शिंगरू पाण्याकडे सरपटत निघालं होतं. बगळ्याने त्याच्यापुढे पंख आडवा धरला.

भुरी गर्रकन वळली. तिची लाथ बसली तसा बगळा वाळूत जाऊन पडला. शिंगराने पाण्यात तोंड घातलं. आधी ठसका लागला, मग ते प्यायलं, आणि पीतच राहिलं. भुरीचे डोळे भरून आले. मग तीही प्यायली, आणि पोटात गार पाणी गेलं तसा तिचा राग आणखीच भडकला.

"आजवर किती जण आले रे त्या रस्त्याने?" तिने विचारलं.

"आम्ही तोरण रोज बदलतो," बगळा पिसं झटकत म्हणाला.

भुरी कमानीतून पलीकडे गेली. चार पावलं गुळगुळीत फरसबंदी होती, दोन्ही कडांना चुना लावलेले दगड. त्यापुढे रस्ता नव्हता. नजर पोचेल तिथवर नुसती वाळू, वाळूवर वाऱ्याच्या रेघा, आणि एकाही पावलाचा ठसा नाही.

तिने शेवटच्या फरशीवर चारही खूर रोवले, ओला गळा ताणला आणि जीव खाऊन रेकायला सुरुवात केली. बगळा लंगडत, धापा टाकत धावत आला.

"बाई, हळू! रांगेपर्यंत ऐकू जाईल!"