ठावठिकाणा

"मग सही करताय ना, गुरुजी?"

भिकाजी गुरुजी ओटीवर चिंचा फोडत बसले होते. त्यांनी कागदाला हात लावला नाही.

"आधी वाच."

सुचेता ठोंबरेनं वाचला. कधीकाळी ती यांच्याच हाताखाली शिकली होती; आता त्याच शाळेची मुख्याध्यापिका होती. पंचनामा सरळ होता. सात मुलं दिवाळीपासून गैरहजर. ठावठिकाणा लागत नाही, सबब नावं पटावरून कमी करावीत. एका पंचाची सही झाली होती, दुसरी गुरुजींची हवी होती.

उद्या तपासणी. सात नावं गेली की हजेरी शंभर टक्के. तालुक्यात पहिली शाळा.

"माझ्या वेळी कधी शंभर टक्के झाली नाही बघ," गुरुजी म्हणाले.

"कशी होणार? तुम्ही एक नाव कमी करू दिलं नाहीत." तिच्या आवाजात जरा ताठा होताच.

"ठावठिकाणा लागत नाही म्हणतेस..."

तिनं समोर पाहिलं. ओटीवरूनच ओढ्यापलीकडची वीटभट्टी दिसत होती. धुरात वाकलेली माणसं, आणि त्यांच्यामागून कच्च्या विटा उलटत जाणारी लहान लहान डोकी.

"तीनदा जाऊन आले मी," ती एकदम उसळली. "मुकादम आत पाऊल टाकू देत नाही. आईबाप म्हणतात, भट्टी उतरली की बघू. आता काय शाळा काखोटीला मारून तिकडे नेऊ?"

गुरुजी उठले. धोतराला हात पुसत ओढ्याच्या काठापर्यंत गेले. ती मागोमाग गेली.

"हजेरी घे."

"इथून?"

गुरुजींनी भट्टीकडे बोट केलं.

"गुरुजी, मी मुख्याध्यापिका आहे. दवंडी पिटायला नाही आले."

गुरुजी पलीकडे बघत उभे राहिले. हलेचनात.

तिनं चडफडत कागद उघडला. "जानकी हिलम."

"मला ऐकू आलं. तिला नाही."

"जानकी हिलम!"

पलीकडे नुसता धूर...

आता मात्र ती चिडली. गुरुजींवर, मुकादमावर, हातातल्या कागदावर. पदर खोचून तिनं बेंबीच्या देठापासून हाक मारली.

"जानकीऽऽ! हिलऽऽम!"

एक डोकं वर आलं. हातातली वीट खाली ठेवली गेली. चिखलानं माखलेला हात सरळ वर गेला, वर्गात जातो तसा.

"हजऽऽर, बाई!"

सुचेताला कागदावरचं पुढचं अक्षर दिसेना.

तोवर मुकादम काठापर्यंत धावत आला. "ओ बाई! कामाच्या वेळी काय आरडाओरडा लावलाय? मालकांना सांगू? वरपर्यंत ओळख आहे त्यांची. उद्या बदली होईल, मग बसा बोंबलत!"

जानकीचा हात अजून वरच होता. तिच्या शेजारची दोन डोकीही आता इकडेच बघत होती.

"गुरुजी," सुचेता हळू आवाजात म्हणाली, "उद्या तपासणी आहे हो..."

गुरुजींनी मुकादमाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"पुढचं नाव घे."