एकोणीस आयांची साक्ष

बारा झोपड्या, एक लाकडी प्रार्थनाघर, दळायची दोन जाती, तीन चामडी होड्या, सतरा शेळ्या आणि चौदा शिष्य. मेलान महाराज इनव्हरगाल गावी राहत होते तेव्हा त्यांच्या मठात एवढंच होतं. सतरा शेळ्यांपैकी एक आंधळी होती. तिला महाराज स्वतः चारायला नेत.

ही तेराशे वर्षांपूर्वीची गोष्ट. इनव्हरगाल हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं गाव. दक्षिणेला गेल लोकांची वस्ती, उत्तरेला पिक्ट लोकांची, आणि दोघांचा राजा एकच, उर्पान. त्या वसंतात उर्पान वारला आणि गादीचा वाद उभा राहिला. गेल लोकांत राज्य बापाकडून मुलाकडे जाई. त्यांनी राजाचा मुलगा कोमान पुढे केला. पिक्ट लोकांत वारसाची शंका आली की आईचा वंश पाहत. त्यांनी राजाच्या बहिणीचा मुलगा तालोर्ग पुढे केला. कोमान तलवारीचा गडी. तालोर्ग होड्या बांधणारा, हाताला कायम डांबराचा वास. आठवडाभरात खाडीच्या दोन्ही काठांवर मिळून तीनशे भाले जमले.

अशा वादाचा निवाडा करण्याची त्या किनाऱ्यावर एक जुनी रीत होती. जमीन कोणाच्या ना कोणाच्या मालकीची असते. ओहोटीने उघडी पडलेली वाळू मात्र कोणाचीच नसते. म्हणून पंच बसत ते त्या वाळूवर. खाडीच्या मधोमध कमरेइतका उंच काळा खडक होता. दोन्ही बाजूंच्या साक्षीदारांनी एकामागून एक त्यावर उभं राहून आपल्या वारसाचा वंश मुळापर्यंत सांगायचा. भरतीचं पाणी खडकाला लागायच्या आत साक्ष पूर्ण झाली पाहिजे. एक नाव चुकलं किंवा राहिलं, तर दावा संपला. दोन्ही साक्षी पूर्ण झाल्या, तर पंच सांगतील तो राजा. दुसऱ्याने नाव सुचवायचं नाही. आणि हरलेल्याला वल्ही नसलेल्या होडीत बसवून समुद्रात सोडून द्यायचं.

कोमानचा साक्षीदार होता राजाचा भाट फियाखा. अंगावर सहा रंगांचा झगा. एवढे रंग राजाखालोखाल फक्त भाटालाच घालता येत. तालोर्गची साक्षीदार होती द्रुस्ती. पिक्ट लोकांत आयांची नावं सुइणींनी जपायची असत, आणि द्रुस्ती तिच्या घराण्यातली शेवटची सुईण. हात थरथरू लागले तेव्हा तिने ते काम सोडलं आणि महाराजांच्या मठात जव दळायला राहिली. भाविकहो, तिला एकच अडचण होती. ती लहानपणापासून अडखळत बोलायची.

निवाड्याच्या आदल्या सकाळी फियाखा मठात आला. जात्यावर बसलेल्या द्रुस्तीकडे बघून त्याला हसू आवरेना.

"ही साक्ष देणार? महाराज, हिला नुसतं तुमचं नाव घ्यायला सांगा. तोवर मी जेवून येतो."

महाराज म्हणाले, "जेवणारच असशील तर इथेच जेव. पेज तिनेच केली आहे."

फियाखा दोन वाडगे पेज प्यायला. पुसलेला वाडगा ठेवत तो द्रुस्तीला म्हणाला, "पेज फक्कड झाली, आजीबाई! कशी केलीस, सांग. नको नको, राहू दे. मला उद्या खाडीवर पोचायचं आहे."

तो गेल्यावर द्रुस्ती महाराजांपुढे आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"म... महाराज, दुसऱ्या कोणाला पाठवा. तालोर्गला मीच ज... जगात आणलं. माझ्या तोंडापायी पोरगा समुद्रात जाईल."

"नावं तुला येतात?"

"ये... येतात. सगळी."

"आणखी कोणाला येतात?"

"को... कोणालाच नाही."

"मग तूच जा," महाराज म्हणाले. "आणि सावकाश सांग. प्रभूने तुला जसं तोंड दिलं आहे, तसं बोललेलंही त्याला ऐकू येतं."

दुसऱ्या दिवशी पाणी हटलं, तसे सात पंच वाळूवर येऊन बसले. मेलेल्या राजाचा मुलगा म्हणून कोमानचा मान पहिला. फियाखा खडकावर चढला, झगा सावरला आणि सुरू झाला. कोमानपासून मागे अठ्ठावीस बाप त्याला पाठ होते. पण नुसती नावं सांगेल तो फियाखा कसला! प्रत्येक बापाबरोबर एकेक लढाई आली, एकेक मेजवानी आली. अकराव्या बापाने पळवून आणलेल्या गायी तर त्याने रंगांप्रमाणे सांगितल्या. पंचांपैकी दोघे पेंगले. गेल लोक एकमेकांना कोपरांनी ढोसू लागले, कारण भाटाचा डाव आता सगळ्यांच्या ध्यानात आला होता. तो ओहोटी खात होता.

भरती-ओहोटीची नोंद ठेवणारा महाराजांचा शिष्य ओद्रान काठावर उभा होता. अठ्ठाविसावा बाप संपला तेव्हा त्याने पाहिलं, तर भरती सुरू झाली होती आणि पाणी खडकापासून साठ पावलांवर आलं होतं.

फियाखा वाकून म्हणाला, "या, आजीबाई. रान मोकळं आहे."

महाराजांनी हात देऊन द्रुस्तीला खडकावर चढवलं. तिने डोळे मिटले.

"ता... तालोर्ग. त्याची आई ए... ए... एथना. तिची आई..."

काठावरून कोणीतरी तिची नक्कल केली. भालेवाले हसले. तिसऱ्या नावाला पाणी चाळीस पावलांवर होतं, सहाव्याला पंधरा. आता लोक वाळू सोडून काठाकडे पळू लागले. खडकाजवळ उरले सात पंच, दोन वारस, महाराज आणि फियाखा. पाण्याचं खडकाला लागणं डोळ्यांनी बघायची त्याला हौस होती.

आठव्या नावावर द्रुस्तीची जीभ टाळ्याला चिकटली. पाणी तीन पावलांवर आलं.

तालोर्ग पुढे होऊन म्हणाला, "मावशी, पुरे. खाली उतर. होडीला मी कशाला भिऊ? मीच बांधतो ती."

द्रुस्तीने मिटल्या डोळ्यांनी मान हलवली आणि पुन्हा त्याच अक्षरापासून सुरुवात केली.

तेव्हा मेलान महाराज उठले. पायांतल्या चपला काढून त्यांनी बाजूला ठेवल्या आणि लाटेपाशी जाऊन, दारात आलेल्या पाहुण्याला सांगावं तसं म्हणाले,

"बाई बोलते आहे. जरा थांब."

एवढंच. मग ते परत आले आणि खडकाला पाठ टेकून पाय पसरून बसले.

पुढची लाट आली आणि तीन पावलांवर थांबली. तिच्यामागची आली, तीही तिथेच. काय सांगावं तो चमत्कार! खाडीत भरती चढतच होती. दोन्ही काठांवरचं शेवाळ बुडालं, मठाच्या होड्या वाळूवरून उचलल्या गेल्या. पण खडकाभोवती तीन पावलांच्या घेरात वाळू कोरडी राहिली, आणि घेराबाहेर पाणी काचेसारखं उभं राहिलं. आधी घोट्याइतकं, मग पोटरीइतकं, मग गुडघ्याइतकं. एक खेकडा त्या पाण्यातून तिरका बाहेर आला, कोरड्यात गोंधळला आणि पुन्हा आत गेला.

दहा माणसांना उभं राहायला तेवढी जागा कमीच होती. गेल पंचांच्या दाढ्या पिक्ट पंचांच्या खांद्यांवर आल्या. कोमान आणि तालोर्ग पाठीला पाठ लावून उभे.

"जरा सरक," कोमान पुटपुटला.

"कुठे सरकू? समुद्रात?" तालोर्ग म्हणाला. दोघांनाही हसू फुटलं.

फियाखाने त्या उभ्या पाण्यात बोट घातलं आणि चाखून पाहिलं. खारट होतं. त्याने झग्याची टोकं हातात गोळा केली आणि पहिल्यांदाच द्रुस्तीचं बोलणं लक्ष देऊन ऐकू लागला.

ती घाई करत नव्हती. नाव अडलं की थांबे, श्वास घेई, पुन्हा धरी. प्रत्येक आईबरोबर तिने एकच गोष्ट सांगितली: बाळंतपण कसं झालं. बारावीचं बर्फात झालं. चौदावीला जुळं होतं, त्यातली मुलगी जगली. सतरावी बाळंतीण होताना गात होती. काठावरचे भाले कधीच जमिनीवर ठेवले गेले होते. आपल्या आयांच्या आठवणीने मोठमोठे गडी डोळे पुसत होते.

"तिची आई ना... ना... नाद. ती स... समुद्रावरून आली. एक गाय घेऊन. तिच्यामागे कोणी ना... नाही."

एकोणीस नावं झाली. पाणी थांबल्यापासून ओद्रान आपले श्वास मोजत होता. ते चारशे बासष्ट भरले.

सातांतला सगळ्यात म्हातारा पंच गेल होता. तो म्हणाला, "साक्ष पूर्ण. आणि खडक कोरडा आहे. समुद्राने जिला मान दिला तिला आम्ही नाही कसं म्हणू? राजा तालोर्ग."

दोन्ही काठांवरून एकच आरोळी उठली. कोमानने वळून तालोर्गचा हात धरला.

"तू राजा. मला मात्र बरीशी होडी दे बाबा."

"वल्ह्यांसकट देतो," तालोर्ग म्हणाला. "आणि हा माझा पहिला हुकूम. या किनाऱ्यावरून वल्ह्यांशिवाय एकही होडी सुटणार नाही. तू कुठे जातोस? भाले कोण सांभाळणार?"

महाराज उठले, चपला हातात घेतल्या आणि पाण्याकडे बघून मान झुकवली. पाणी हळूच आत आलं आणि खडकाला लागलं. पंच झगे वर धरून, एकमेकांना आधार देत, हसत काठाकडे निघाले. द्रुस्तीसाठी होडी आणायला राजा तालोर्ग स्वतः धावला.

फियाखा मात्र निघाला नाही. तो महाराजांच्या पायांशी वाकू लागला, तसे महाराज बाजूला झाले.

"माझ्या नको. तिच्या."

सहा रंगांचा झगा पाण्यावर पसरला. फियाखा खडकापुढे गुडघ्यांवर बसला आणि त्याने द्रुस्तीच्या पावलांवर कपाळ टेकलं.

"माय, मी उन्मत्त झालो होतो. क्षमा कर." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "मला राजघराण्यातले अठ्ठावीस बाप पाठ आहेत. माझी आई याच किनाऱ्यावरची होती. तिच्या आईचं नाव मला कोणी सांगितलं नाही. तुला ठाऊक आहे?"

द्रुस्तीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"आहे. तुझ्या आईला मा... माझ्या आईनेच जगात आणलं. र... रडत नव्हती. पालथी धरून थोपटली, तेव्हा र... रडली. आणि तिची आई..."

ती अडली. तिने श्वास घेतला, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडली.

"फियाखा, पाणी चढतंय!" काठावरून लोक ओरडले.

फियाखाने मागे न बघता हात वर करून त्यांना गप्प केलं.

नाव दोन अक्षरांचं होतं. ते पूर्ण झालं तेव्हा पाणी फियाखाच्या कमरेच्या वर चार बोटं आलं होतं.